एनडीपीएस खटल्यातील मुद्देमालाची साखळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमली पदार्थांच्या खटल्यात आरोपीकडे माल सापडला की नाही यावर वाद होतोच. पण सापडलेलाच माल प्रयोगशाळेत पोहोचला का, यावर त्याहून जास्त खटले निसटतात. पुढची उत्तरे १९८५ चा एनडीपीएस (गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ) कायदा आणि महाराष्ट्रातली रोजची पद्धत धरून दिली आहेत. तपासी अंमलदार, मुद्देमाल कारकून, नवे सरकारी वकील आणि बचावाचे वकील या सगळ्यांना हीच कागदपत्रे चाळावी लागतात, म्हणून बाजू न बघता लिहिले आहे.

साखळी सिद्ध करायची म्हणजे नेमके काय सिद्ध करायचे?

एकच गोष्ट. सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, ज्या पदार्थाला मेफेड्रोन, हेरॉईन किंवा गांजा म्हटले आहे, तो आरोपीकडून जप्त केलेल्याच मालातला आहे. जप्तीच्या क्षणापासून प्रयोगशाळेतल्या तपासनीसाने पाकीट उघडेपर्यंत माल कोणाच्या ताब्यात होता, कुठे होता, सीलबंद होता का, आणि एका हातातून दुसऱ्या हातात कधी गेला, याचे प्रत्येक टप्प्यावर उत्तर हवे. कायद्याच्या कलम ३५ आणि ५४ मधली गृहीतके आरोपीविरुद्ध जातात हे खरे, पण ती लागू होण्याआधी ताबा आणि पदार्थ या दोन गोष्टी सरकार पक्षालाच सिद्ध कराव्या लागतात. पाया कच्चा असेल तर गृहीतकाला उभे राहायला जागाच नसते.

छाप्याला निघताना काय बरोबर घ्यावे?

दोन इलेक्ट्रॉनिक वजनकाटे: एक ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, दुसरा गोण्या पेलणारा. दोन्हींवर वैधमापन विभागाचा चालू शिक्का असावा. वेगवेगळ्या मापांच्या पारदर्शक प्लास्टिक पिशव्या, कागदी पाकिटे, छापील लेबले, सुती दोरा, लाख, मेणबत्ती, पितळी मोहोर, ड्रग टेस्टिंग किट, हातमोजे आणि कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी. हे सगळे नेल्याची नोंद निघतानाच्या स्टेशन डायरीत करा. उलटतपासात "लाख वितळवली कशावर?" हा प्रश्न येतो आणि साक्षीदार गडबडतो. किराणा दुकानातून आणलेल्या काट्यावर १२.३७ ग्रॅम वजन कसे दिसले, याचेही उत्तर नंतर सुचत नाही.

पंचनाम्यात "एमडी मिळून आले" असे लिहावे का?

नाही. डोळ्यांना जे दिसले ते लिहा: रंग, वास, पावडर की खडे, ओलसर की कोरडे, कशात गुंडाळलेले. त्यापुढे "एमडीसदृश" (एमडी म्हणजे मेफेड्रोन) किंवा "गांजासदृश". किटमधल्या चाचणीत मार्क्विस द्रावणाने हेरॉईनला जांभळा आणि मेथॅम्फेटामाइनला नारिंगी-तपकिरी रंग येतो, कोबाल्ट थायोसायनेटने कोकेनला निळा येतो. पण हा प्राथमिक अंदाज आहे, इतर पदार्थही तसाच रंग देऊ शकतात. चाचणीला किती माल वापरला तेही नोंदवा. चिमूटभर असला तरी तो एकूण वजनातून गेलेला असतो.

वर्णन काळजीपूर्वक लिहायचे कारण पुढे येते. पंचनाम्यात "पांढरी पावडर", प्रयोगशाळेत "फिकट पिवळसर स्फटिक" असे निघाले की वाद तिथेच सुरू होतो. बहुतेक वेळा अदलाबदल झालेली नसते, कोणीतरी घाईत जुन्या पंचनाम्यातले वाक्य उतरवलेले असते.

वजन पुडीसह लिहायचे की निव्वळ?

दोन्ही, स्वतंत्रपणे, प्रत्येक पुडीचे. मेफेड्रोनची व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅमच्या वर सुरू होते. समजा पुडीसह वजन ५२ ग्रॅम आहे आणि प्लास्टिक, रबरबँड मिळून ४ ग्रॅम भरतात. पुडीसह वजन धरले तर किमान १० वर्षांची सक्तमजुरी आणि जामिनासाठी कलम ३७ ची कडक अट. निव्वळ ४८ धरले तर मधली मात्रा, किमान शिक्षा नाही, आणि त्या पुडीपुरती कलम ३७ ची अटही नाही. चार ग्रॅम प्लास्टिकवर माणसाची दहा वर्षे ठरू नयेत.

वारंवार लागणाऱ्या मर्यादा लक्षात ठेवा. पहिल्या आकड्याच्या खाली अल्प मात्रा, दुसऱ्याच्या वर व्यावसायिक मात्रा:

गांजा: १ किलो आणि २० किलो
चरस: १०० ग्रॅम आणि १ किलो
हेरॉईन: ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम
कोकेन: २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम
मेफेड्रोन: २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम
एमडीएमए: ०.५ ग्रॅम आणि १० ग्रॅम

वेष्टनाचे वजन वगळायचे असले तरी पदार्थात मिसळलेली भेसळ वगळायची नाही. हिरा सिंग प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंश न धरता पूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे असे ठरवले. एलएसडीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२३ मध्ये ब्लॉटर (एलएसडी शोषलेल्या) कागदाचे वजनही धरायचे म्हटले, कारण तो कागद पदार्थासकटच खाल्ला जातो.

दडवण्यासाठी वापरलेल्या वस्तूंचे मात्र तसे नाही. तेलंगणाच्या मोहम्मद खालिद प्रकरणात (२०२४) गांजाबरोबर हिरव्या मिरच्या होत्या आणि त्या वेगळ्या करून वजन केलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडताना हा दोष नोंदवला. बॅग, सुटकेस, मिरच्या, कांद्याची पोती, जे असेल ते वेगळे काढा, वेगळे वजन करा, वेगळे सील करा.

जागेवरच नमुने काढायचे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर बदललेले असल्यामुळे गोंधळही सगळ्यात जास्त.

केंद्राच्या १९८९ च्या स्थायी आदेशात जागेवरच पंचांसमोर दोन प्रतींत नमुने काढायला सांगितले होते. त्याच वर्षी कायद्यात कलम ५२ए आले, पण पोलिसांची सवय जुन्या आदेशाचीच राहिली. मोहनलाल प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांच्या समक्ष काढायचे आणि जप्तीच्या वेळी नमुने काढण्याची तरतूद कायद्यात नाही. पुढे २३ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राने जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाट यांचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांतही पद्धत हीच आहे.

म्हणून जागेवर करायचे काम एवढे: वर्गीकरण, प्रत्येक पुडीचे वजन, अनुक्रमांक, पॅकिंग, सील आणि वस्तूंची सविस्तर यादी. सगळे पंच आणि आरोपी यांच्यासमोर, आणि यादी पंचनाम्याला जोडलेली. नमुना नाही. तरीही अजून कित्येक पंचनाम्यांत "प्रत्येकी ५ ग्रॅमचे दोन नमुने काढून ए-१, ए-२ अशा खुणा केल्या" हे वाक्य येते, कारण संगणकात जुना मसुदा पडलेला असतो. तो मसुदा पुसून टाका.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेमके काय व्हायला हवे?

कलम ५२ए(२) खाली तीन दाखले मिळवायचे असतात: मालाची यादी बरोबर असल्याचा, समक्ष काढलेली छायाचित्रे खरी असल्याचा, आणि समक्ष काढलेल्या नमुन्यांची यादी बरोबर असल्याचा. यादी, छायाचित्रे आणि नमुने यांना कलम ५२ए(४) खाली प्राथमिक पुराव्याचा दर्जा मिळतो. एवढे वजन असलेला कागद खटल्यात दुसरा क्वचितच असतो.

क्रम असा ठेवा. माल मुद्देमाल खोलीतून बाहेर काढल्याची रजिस्टरला नोंद. न्यायालयात आधीचे सील शाबूत असल्याचे बघून लेखी नोंद. मग सील फोडणे, पुन्हा वजन, पंचनाम्याशी ताळा. नमुने काढणे, पाकिटे बंद करणे, न्यायालयाची मोहोर. उरलेला माल पुन्हा सील, त्याचे नवे वजन. शेवटी तीनही दाखल्यांवर सही, शिक्का, तारीख.

चुका ठरलेल्या असतात. अर्जावर "पाहिले" एवढाच शेरा. छायाचित्रे काढली पण त्यांवर सही नाही. जुने सील फोडण्याआधी तपासल्याचा उल्लेख नाही. किंवा नमुने आधीच काढलेले आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी फक्त बंद पाकिटे बघितलेली. या शेवटच्या प्रकारात कागद सगळे आहेत असे वाटते, आणि तिथेच फसायला होते. न्यायालयात काटा असेलच असे धरू नका, तोच शिक्का असलेला काटा बरोबर न्या.

अर्ज करायला विलंब करू नका. नियमांत "लवकरात लवकर" असे आहे. तारीख मिळायला वेळ लागला तर अर्जाची पोहोच आणि दिलेली तारीख जपून ठेवा. विलंबाचे कारण कागदावर असले तर तो पचतो.

नमुना किती घ्यायचा?

अफू, गांजा आणि चरस यांचा २४ ग्रॅम, बाकी पदार्थांचा ५ ग्रॅम, आणि प्रत्येक नमुना दोन प्रतींत. म्हणजे गांजाच्या एका पाकिटातून ४८ ग्रॅम निघतात. आधी माल नीट ढवळून एकजीव करा. पोत्याच्या तोंडाशी कोरडा पाला आणि तळाशी बोंडे असतील तर वरची मूठ म्हणजे पोत्याचा नमुना नव्हे.

दोन-तीन ग्रॅमच्या जप्तीत दोन प्रती निघतच नाहीत. अशा वेळी सगळा माल प्रयोगशाळेला पाठवतात. तसे का केले ते यादीत आणि दाखल्यात लिहून घ्या.

नमुना उष्णतेने बंद केलेल्या प्लास्टिक पिशवीत, ती पिशवी कागदी पाकिटात. पाकिटांवर "मूळ" आणि "दुय्यम" अशा खुणा आणि चाचणी मेमोचा (नमुन्याबरोबर प्रयोगशाळेला जाणाऱ्या पत्राचा) क्रमांक.

४० पुड्या असतील तर ४० नमुने?

पुड्यांचा आकार, वजन, खुणा सारख्या असतील आणि प्रत्येक पुडीने किटमध्ये तोच रंग दिला असेल, तरच गट करता येतात. एका गटात जास्तीत जास्त १० पुड्या, गांजा, चरस आणि पोस्त तूस (अफूच्या झाडाची सुकी बोंडे) यांच्या बाबतीत ४०. गटातल्या प्रत्येक पुडीतून सारखा अंश घेऊन एकत्र मिसळायचा आणि त्यातून नमुना.

यात "प्रत्येक" या शब्दावरून खटले पडतात. चाळीसपैकी दोनच पुड्या किटवर तपासल्या आणि सगळ्या एकत्र ओतल्या, तर उरलेल्या अडतिसांत काय होते हे कोणीच सांगू शकत नाही. एकदा ओतल्यावर ते परत वेगळे करता येत नाही.

कलम ५२ए पाळले नाही तर आरोपी आपोआप सुटतो का?

नाही, पण अडचण मोठी होते. सिमरनजित सिंग (२०२३) आणि युसूफ ऊर्फ आसिफ (२०२३) या प्रकरणांत शिक्षा रद्द झाल्या, कारण नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर काढले नव्हते. त्यानंतर एनसीबी (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग) विरुद्ध काशिफ (डिसेंबर २०२४) मध्ये न्यायालयाने म्हटले की ५२ए मधला विलंब किंवा त्रुटी एवढ्यावरच जामीन देता येणार नाही. भारत आंबळे प्रकरणात (जानेवारी २०२५) आणखी स्पष्टता आली. त्रुटीने आधी मालाच्या सत्यतेवर संशय निर्माण झाला आहे का ते बघायचे. आरोपीने मूळ तथ्ये संभाव्यतेच्या पातळीवर दाखवली की कायद्याचे पुरेसे पालन झाल्याचे नि:संशय सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते.

व्यवहारात याचा अर्थ: "५२ए पाळले नाही" एवढेच म्हणणाऱ्या बचावाच्या वकिलाला आता चालत नाही, त्याला नेमकी विसंगती दाखवावी लागते. आणि "पुरेसे पालन" या शब्दांवर विसंबून राहणाऱ्या पोलिसालाही चालत नाही, कारण जप्ती, रजिस्टर आणि सीए यांत एकही फट नसेल तरच ते शब्द कामी येतात.

मोहोर कोणाची, आणि ती नंतर कुठे ठेवायची?

छापा अधिकाऱ्याची मोहोर जागेवर लागते. कलम ५५ खाली माल पोलीस ठाण्यात आल्यावर प्रभारी अधिकाऱ्याने तो ताब्यात घ्यायचा असतो, आणि नमुन्यांवर त्याचीही मोहोर लागायला हवी. पथक वेगळे आणि ठाणे वेगळे असले की ही दुसरी मोहोर हमखास राहते.

वापरलेल्या मोहोरेचा ठसा पंचनाम्यावर घ्या आणि नमुना मोहोर प्रयोगशाळेला पाठवा, नाहीतर तपासनीस पाकिटावरचे सील कशाशी पडताळणार? राजस्थानच्या गुरमैल सिंग प्रकरणात (२००५) मुद्देमाल रजिस्टर हजर केले नव्हते आणि नमुना मोहोरही प्रयोगशाळेला गेली नव्हती. निर्दोष सुटका कायम राहिली.

मोहोर मुद्देमाल कारकुनाकडे ठेवू नका. सील आणि सीलबंद पाकीट एकाच कपाटात असले तर सील शाबूत असण्याने काहीच सिद्ध होत नाही. ती दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या आणि पोहोच घ्या.

मुद्देमाल रजिस्टरमध्ये काय काय असावे?

गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), जप्तीची तारीख आणि वेळ, जमा करणाऱ्याचे नाव, पाकिटांची संख्या, प्रत्येकावरची खूण, वजन, सीलची स्थिती, कुठल्या कपाटात ठेवले, जमा घेणाऱ्याची सही. माल बाहेर गेला की कोणाबरोबर, कुठे, कशासाठी, जावक क्रमांक काय. परत आला की कोणत्या सीलसह. "मुद्देमाल जमा" एवढ्या दोन शब्दांची नोंद उलटतपासात एका मिनिटात उघडी पडते.

१९९३ च्या वल्साला प्रकरणात जप्त माल तीन महिन्यांहून जास्त काळानंतर न्यायालयात पोहोचला होता. मधल्या काळात तो कोणाकडे होता आणि सीलबंद होता का, याचा पुरावाच नव्हता. विलंबाला कारण असते तर सांगता आले असते, पण मधले महिने रजिस्टरमध्ये कोरे होते.

खोली दुहेरी कुलपाची हवी, आणि दोन किल्ल्या दोन माणसांकडे. दोन्ही एकाच जुडग्यात असतील तर दुहेरी कुलूप नावापुरते राहते.

प्रयोगशाळेत माल घेऊन जाणाऱ्या कॅरियरला साक्षीला बोलावायचे का?

हो. फारच थोडे सरकारी वकील बोलावतात. १९८० च्या दौलतराम प्रकरणात अफूचे नमुने अनेक हातांतून गेले होते आणि त्या लोकांना तपासलेच नव्हते, म्हणून शिक्षा टिकली नाही. कॅरियरची साक्ष पाच मिनिटांची असते: माल किती वाजता मिळाला, सील कसे होते, वाटेत कुठे थांबला, प्रयोगशाळेत कोणाला दिला, पोहोच कुठे.

जायचे पत्र एका तारखेचे आणि पोहोच चार दिवसांनंतरची, असे झाले की मधल्या चार रात्री माल कुठे होता हा प्रश्न येतोच. प्रयोगशाळेची खिडकी बंद होती म्हणून परत आला असेल तर तो माल मुद्देमाल खोलीत पुन्हा जमा झाल्याची नोंद हवी. घरी नेला असेल तर... नेऊ नये. मुंबईत कलिना, किंवा नागपूर, पुणे, नाशिक अशा प्रादेशिक प्रयोगशाळांना लांबच्या तालुक्यांतून एसटीने जावे लागते, म्हणून निघण्याआधी वेळ विचारून घ्या. प्रमाणित नमुना प्रयोगशाळेला विनाविलंब पाठवायचा आणि प्रयोगशाळेने पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा, असे नियम सांगतात.

गांजाचे वजन घटले. अदलाबदल झाली का?

नेहमी नाही. ओला गांजा सुकतो, पाण्याचे वजन जाते आणि पोत्यागणिक घट दिसते. प्लास्टिकमध्ये कोंबलेला ओला गांजा तर कुजतो, बुरशी धरतो आणि ओळखण्यापलीकडे जातो. म्हणून मोठा साठा गोणपाटात, सीलबंद. पंचनाम्यात "ओलसर" लिहिले असेल तर नंतरची घट समजावता येते. लिहिले नसेल तर नाही. मेफेड्रोन किंवा हेरॉईनच्या कोरड्या पावडरीला मात्र सुकल्याचे कारण फारसे लागत नाही, तिथे फरक दिसला तर खुलासा द्यावाच लागतो.

गांजात आणखी एक मेख आहे. कायद्यातली व्याख्या फुले किंवा फळे असलेल्या शेंड्यांची आहे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने त्यात येत नाहीत. देठ, मुळे, पाला सगळे मिळून २१ किलो केले आणि शेंड्यांचे वजन वेगळे नाही, तर मात्रा व्यावसायिक की मधली, हा वाद जामिनाच्या पहिल्याच अर्जात सुरू होतो.

सीए रिपोर्ट आला. काय तपासायचे?

निष्कर्षाची ओळ सगळेच वाचतात. वरचा भाग वाचा: किती पाकिटे मिळाली, कोणी आणली, कोणत्या तारखेला, सील शाबूत आणि नमुना मोहोरेशी जुळणारे होते का, वजन पाकिटासह की निव्वळ. पाठवलेल्या पाकिटांची संख्या आणि मिळालेल्यांची संख्या एक हवी. मोहम्मद खालिद प्रकरणात तीन नमुन्यांपैकी एक आरोपीला दिल्याचे पुराव्यात होते, तरी प्रयोगशाळेत तीनच पोहोचले. वजनाचा ताळा करताना पाकिटासहचे वजन निव्वळ वजनाशी लावू नका. निम्मे "फरक" तिथेच मिटतात.

पॉझिटिव्ह रिपोर्टने काम संपत नाही. विजय पांडे प्रकरणात (२०१९) न्यायालयाने सांगितले की अहवालातला नमुना जप्तीतल्या मालाशी जोडून दाखवावा लागतो.

अंक आणि अक्षरांचा घोळ खरंच होतो का?

फार होतो, आणि मराठीतच जास्त. हाताने लिहिलेला मराठी ४ इंग्रजी ८ सारखा दिसतो, मराठी ७ इंग्रजी ६ सारखा, मराठी १ इंग्रजी ९ सारखा. पंचनामा मराठी अंकांत, प्रयोगशाळेचे पत्र इंग्रजी अंकांत, आणि मध्ये उतरवणारा कारकून. मेफेड्रोनच्या ४४ ग्रॅमचे ८८ झाले तर मात्रेचा वर्गच बदलतो. उपाय स्वस्त आहे: वजन अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही लिहा.

तसेच खुणांचे. आपली यादी अ, ब, क, ड अशी जाते. इंग्रजी पत्रात "क" चे सी होते की के, हे लिहिणाऱ्यावर ठरते. त्यावर प्रयोगशाळा आपले स्वतःचे क्रमांक देते. खुणा सुरुवातीपासून फक्त आकड्यांत ठेवल्या तर हा प्रश्नच उरत नाही.

पंच फितूर झाला तर?

साखळी आपोआप तुटत नाही. अधिकाऱ्यांची साक्ष विश्वासार्ह असेल आणि कागद जुळत असतील तर शिक्षा होऊ शकते. पण सराईत पंच टाळा. तोच माणूस सहा खटल्यांत "योगायोगाने रस्त्याने जात होता" असे दिसले तर प्रामाणिक छापाही बदनाम होतो. पंचाला पंचनामा समजेल अशा भाषेत वाचून दाखवा आणि तसे लिहा. गोव्यात पंचनामे बहुधा इंग्रजीत होतात, पंच कोकणी किंवा मराठी बोलणारा असतो आणि आरोपी कधी तिसऱ्याच देशाचा. तिथे वाचून कोणी, कोणत्या भाषेत दाखवले हे एक वाक्य फार उपयोगी पडते.

व्हिडिओ बंधनकारक आहे का?

१ जुलै २०२४ पासून, हो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली झडती, जप्ती, यादी तयार करणे आणि सह्या या सगळ्याचे दृकश्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. अंमलदार यासाठी ई-साक्ष्य अॅप वापरतात. चित्रणाची सुद्धा साखळी असते: कोणत्या मोबाइलवर, कोणी काढले, हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) काय, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र कोणी दिले.

कॅमेरा मधेच बंद पडला तर पुन्हा सुरू करताना वेळ आणि कारण तोंडाने सांगा. सील लावतानाचे दृश्य नेमके गायब असणे, यासारखा दुसरा घातक दोष नाही. काट्याचा आकडा जवळून टिपा, शून्यावर आणल्यापासून.

न्यायालयात मूळ माल दाखवावाच लागतो का?

५२ए चे दाखले व्यवस्थित असतील आणि माल नियमाप्रमाणे नष्ट केला असेल तर लागत नाही. दाखले नाहीत, मालही नाही आणि खुलासाही नाही, अशा वेळी खटला ढासळतो. जितेंद्र (२००४) आणि विजय जैन (२०१३) या मध्य प्रदेशातल्या प्रकरणांत माल हजर न करणे महागात पडले. साहीराम प्रकरणात (२०१९) मात्र जप्ती इतर पुराव्याने सिद्ध असेल तर संपूर्ण माल आणण्याची गरज नाही असे म्हटले. मंगीलाल प्रकरण (२०२३) वाचायचे ते नष्ट करण्याच्या घाईसाठी: प्रक्रिया न पाळता नष्ट केलेला माल परत आणता येत नाही.

कलम ४२, ५० आणि ५७ यांचा साखळीशी संबंध काय?

४२ आणि ५७ वेळ पक्की करतात: खबर लिहून वरिष्ठांना ७२ तासांत, आणि अटक-जप्तीचा अहवाल ४८ तासांत. ते अहवाल खरोखर त्या वेळी लिहिले असतील तर त्यांतले वजन आणि खुणा पंचनाम्याला टेकू देतात. कलम ५० अंगझडतीपुरते आहे, हातातल्या बॅगेला लागत नाही.

बचावाच्या वकिलाने पहिल्या आठवड्यात काय मागावे?

पोलीस ठाण्याचे सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या आदेशाप्रमाणे (डिसेंबर २०२०) चित्रण १८ महिने, आणि तशी यंत्रणा नसेल तर किमान एक वर्ष ठेवायचे आहे. पण अर्ज न दिल्याने ते पुसले गेले तर नंतर तक्रार करून उपयोग नाही. माल ठाण्यात किती वाजता आला हे त्यात दिसते. बाकीची कागदे, म्हणजे स्टेशन डायरी, मुद्देमाल रजिस्टरचे पान, जावक नोंद, प्रयोगशाळेची पोहोच, ५२ए चे दाखले, पळून जात नाहीत. त्यांच्या प्रमाणित प्रती मागा आणि सगळ्या वेळा एका कागदावर क्रमाने मांडा. फट असेल तर ती वाचून सापडत नाही, मांडल्यावर दिसते.

निकाल लागला. दुय्यम नमुना कधी नष्ट करायचा?

अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाही. न्यायालयाच्या आदेशाची प्रत रजिस्टरला लावा, नमुना बाहेर काढताना सीलची स्थिती पुन्हा लिहा, आणि नष्ट केल्याचा पंचनामा त्याच गु.र.नं. च्या पानावर जोडा. निकालपत्रात मुद्देमालाबद्दल आदेश नसेल तर मागून घ्या. तो नसल्यामुळे जुनी पाकिटे वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतात, आणि लेबलांवरची शाई उडाली की ती कोणत्या खटल्यातली हे ओळखता येत नाही.